अपेंडिक्स काढलं, पण रिपोर्ट कुठे आहे?



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा आम्ही दोघांनी नेहमीसारखं "बघतो, वेळ मिळाला तर" असं उत्तर दिलं. आम्ही दोघंही इंजिनिअरिंग करून पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये पडलेले. लिहिण्याशी संबंध काय तो कोडपुरता आणि ऑफिसच्या ई-मेलपुरता! पण फोन ठेवल्यावर वाटलं, की आपल्या घरात एक गोष्ट घडून गेली आहे आणि ती बहरीनमधल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने ऐकायला हवी. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नाही. गेली काही वर्षं घरच्या आजारपणामुळे जे वाचावं लागलं, डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते आमच्या भाषेत मांडतो आहोत. कोणाला काही त्रास असेल तर त्यांनी डॉक्टरांकडेच जावं, हा लेख घेऊन बसू नये!

मामांचं पोट

आमचे मामा बरीच वर्षं बहरीनमध्ये एका कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर होते. २००९ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, एका रात्री त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीजवळ, मग उजवीकडे खाली. उलट्या, ताप. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर निदान झालं अपेंडिसायटिसचं. ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी मामा घरी आले आणि पंधराव्या दिवशी ड्यूटीवर गेले. विषय संपला. २०११ मध्ये नोकरी संपवून मामा-मामी कायमचे सांगलीला परतले.

चार-पाच वर्षांनी मामांचं पोट सुटायला लागलं. रिटायर झालेल्या माणसाचं पोट सुटणं यात कोणाला काय नवल वाटणार? मामी म्हणाल्या, "गल्फचं पाणी मानवलं नव्हतं, सांगलीचं मानवलं." मग भात बंद झाला, साखर बंद झाली, कृष्णेच्या घाटापर्यंत रोज सकाळी चालणं सुरू झालं. हातपाय बारीक झाले, गालफडं बसली, पण पोट काही उतरेना. पँटची कंबर मात्र दर वर्षी वाढवून घ्यावी लागत होती. आज मागे वळून बघताना हे किती विचित्र होतं ते कळतं. तेव्हा आम्ही सगळे हसत होतो. आम्हीसुद्धा.

२०१७ मध्ये मामांच्या जांघेत फुगवटा आला. डॉक्टरांनी हर्निया सांगितला. साधं ऑपरेशन! पण हर्नियाची पिशवी उघडल्यावर सर्जन थांबले. आत आतडं नव्हतं. पिवळसर, चिकट, जेलीसारखा पदार्थ होता. त्यांनी थोडा नमुना तपासणीला पाठवला, जखम बंद केली आणि सीटी स्कॅन करायला सांगितलं. स्कॅनमध्ये दिसलं, की सगळ्या पोटभर तीच जेली आहे. आजाराचं नाव होतं स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. आणि तो सुरू झाला होता अपेंडिक्सपासून. आठ वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या अपेंडिक्सपासून!

मुळात अपेंडिक्स म्हणजे काय?

लहानपणी आपल्याला सगळ्यांना सांगितलेलं असतं, की पेरूच्या बिया गिळल्या की अपेंडिक्स होतं. मुळात अपेंडिक्स "होत" नाही, ते प्रत्येकाला जन्मतःच असतं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे पोटाच्या उजव्या कोपऱ्यात खाली ही करंगळीएवढी नळी लोंबत असते. मराठीत तिला आंत्रपुच्छ म्हणतात. तिचं एक टोक उघडं, दुसरं बंद. म्हणजे डेड एंडची गल्लीच म्हणा. या गल्लीत सूज आली की तो अपेंडिसायटिस. तो आपल्याला माहीत असतो, कारण प्रत्येक खानदानात एकाचं तरी अपेंडिक्स काढलेलं असतं. (पेरूच्या बिया बहुतेक वेळा बिचाऱ्या निर्दोषच असतात!)

पण या नळीत गाठही होऊ शकते, हे फारसं कोणाला माहीत नसतं. सुजलेलं म्हणून काढलेली १०० अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तर साधारण एकात ट्यूमर सापडतो. म्हणजे नव्याण्णव जणांना घाबरायचं काहीच कारण नाही. हा लेख त्या शंभराव्या माणसाबद्दल आहे.

गाठी एकसारख्या नसतात

अपेंडिक्सच्या गाठींचे ढोबळमानाने तीन गट सांगता येतील.

पहिला गट न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचा. याला पूर्वी कार्सिनॉइड म्हणायचे. हे नाव आपल्याला इरफान खान यांच्यामुळे कळलं. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच या जातीचा ट्यूमर असल्याचं जाहीर केलं होतं. तसा ट्यूमर शरीरात अनेक ठिकाणी होऊ शकतो. अपेंडिक्समधला बहुतेक वेळा अगदी छोटा असतो, नळीच्या टोकाशी असतो. तो एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर अपेंडिक्स काढलं की बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर मोठ्या आतड्याचा उजवा भागही काढतात.

दुसरा गट जेली तयार करणाऱ्या गाठींचा. आतड्याच्या अस्तरात म्युकस म्हणजे चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी असतातच. त्याच्यामुळे आतलं सगळं गुळगुळीत राहतं. या पेशी बिघडल्या तर त्या थांबायचं विसरतात आणि स्राव बनवतच राहतात. आमच्या भाषेत सांगायचं तर लूपमधून बाहेर पडायची अटच उडाली! यातला सगळ्यात संथ प्रकार म्हणजे लो-ग्रेड म्युसिनस निओप्लाझम. डॉक्टर त्याला थोडक्यात "लॅमन" म्हणतात. तो नेहमीच्या अर्थाने कॅन्सरसारखा आत आत घुसत नाही, पण त्याला निरुपद्रवी म्हणून सोडूनही देता येत नाही.

तिसरा गट खऱ्या अर्थाने कॅन्सरचा. यात ॲडिनोकार्सिनोमा येतो, आणि गॉब्लेट सेल नावाचा एक प्रकारही. हे जास्त वेगाने वाढतात, लसिका ग्रंथींपर्यंत जाऊ शकतात आणि त्यांचे उपचार बरेचसे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखे होतात.

एकाच छोट्या नळीत इतकी वेगवेगळी दुखणी! म्हणूनच "अपेंडिक्समध्ये काहीतरी गाठ होती" एवढं कळून भागत नाही. कोणती, केवढी, फुटलेली की न फुटलेली, हे सगळं त्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं.

पोटात पसरते म्हणजे काय होतं?

आता दुसऱ्या गटाकडे परत येऊ, कारण मामांचं दुखणं त्यातलं.

डेड एंडच्या गल्लीत जेली भरत गेली की नळी फुग्यासारखी फुगते. कधी तरी तिला भोक पडतं आणि जेली बाहेर येते. जेलीबरोबर ती बनवणाऱ्या पेशीही येतात. मग नळी काढून टाकली तरी त्या पेशी पोटात राहिलेल्या असू शकतात आणि त्यांचं काम चालूच असतं.

आपल्या पोटाच्या आत एक पातळ, चकचकीत अस्तर असतं, पेरिटोनियम. सगळ्या अवयवांवरून ते घडी घालून घालून फिरतं. त्यात थोडं पाणी सतत खेळत असतं, म्हणून आतडी एकमेकांना घासत नाहीत. आपण श्वास घेतो तसं हे पाणी पोटाच्या उजव्या बाजूने वर छातीच्या पडद्याकडे ओढलं जातं आणि तिथे शोषलं जातं. उभं राहिल्यावर ते खाली ओटीपोटात साचतं. आतड्यांपुढे चरबीचा एक पदर असतो, ओमेंटम. तोही हे पाणी शोषून घेतो. सुटलेल्या पेशी या पाण्याबरोबर वाहत जातात आणि जिथे पाणी थांबतं किंवा गाळलं जातं तिथे बस्तान मांडतात.

आपल्याकडे शमाल वारा सुटला की काय होतं ते आठवा. खिडक्या बंद असूनही घरात धूळ येते. पण ती सगळीकडे सारखी बसते का? जायच्या-यायच्या वाटेवर ती टिकत नाही. कपाटामागे, पडद्याच्या पायाशी, सोफ्याखाली मात्र थर जमतो. पोटातही तसंच. लहान आतडं सारखं हलत असतं, म्हणून सुरुवातीला त्याच्यावर फारसं काही टिकत नाही. लिव्हरच्या वर उजवीकडे, ओटीपोटाच्या तळाशी, पोटाच्या दोन्ही बाजूंच्या चरांत आणि ओमेंटमवर मात्र जेली साचत जाते. ओमेंटम तर जाड होऊन पोळीसारखं घट्ट होतं. अमेरिकेतले सर्जन डॉ. पॉल शुगरबेकर यांनी या पसरण्यामागचा नियम नीट मांडून दाखवला.

या नियमातच आशाही आहे. हा संथ प्रकार सहसा रक्तातून लिव्हर किंवा फुप्फुसाच्या आत जात नाही. तो पोटाच्या पिशवीतच राहतो. म्हणजे पोट नीट साफ करता आलं तर माणूस वाचू शकतो. पण साफ केलं नाही तर ही जेली हळूहळू आतड्यांना वेढते. मग अन्न पुढे सरकत नाही आणि माणूस भरल्या पोटी उपाशी मरतो. गाठ "लो-ग्रेड" आहे हे ऐकून निर्धास्त झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

का ओळखू येत नाही?

कारण याची अशी खास खूण नसते. पोटाचा घेर वाढतो, तर लोक म्हणतात, वय झालं. थोडं खाल्लं तरी पोट भरतं, तर ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. पुरुषांमध्ये नव्याने हर्निया होतो, कारण वाढलेली जेली जांघेतल्या कमकुवत जागेतून वाट काढते. बायकांमध्ये सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ दिसते. खरी सुरुवात अपेंडिक्सची असते, पण तिथून सुटलेल्या पेशी अंडाशयावर जाऊन वाढतात आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. म्हणून अंडाशयाची गाठ जेलीसारख्या पदार्थाची निघाली तर सर्जन अपेंडिक्सही बघून घेतात. आणि कितीतरी वेळा नेहमीचा अपेंडिसायटिस म्हणून ऑपरेशन होतं आणि गाठ नंतर प्रयोगशाळेत सापडते.

वैद्यकशास्त्रालासुद्धा हे कोडं सुटायला वेळ लागला. १८४२ मध्ये रोकिटान्स्की यांनी जेलीने फुगलेल्या अपेंडिक्सचं वर्णन केलं. १८८४ मध्ये वेर्थ यांनी पोटभर पसरलेल्या जेलीला "स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय" हे नाव दिलं, पण त्यांच्या पेशंटमध्ये मूळ अंडाशयात असल्याचं मानलं गेलं होतं. १९०१ मध्ये फ्रेंकेल यांनी त्याचा अपेंडिक्सशी संबंध जोडला. तरीही बायकांमध्ये मूळ कुठलं, हा वाद विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालू होता.

"रोमन हॉलिडे"ची नायिका ऑड्रे हेपबर्न आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्या युनिसेफच्या कामासाठी सोमालियाला गेल्या होत्या. परतल्यावर पोटदुखी सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला ऑपरेशन झालं, तेव्हा अपेंडिक्सपासून सुरू झालेला हाच आजार पोटात पसरलेला निघाला. २० जानेवारी १९९३ ला, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्या गेल्या.

उपचार: आधी साफसफाई, मग गरम औषध

या जेलीत रक्तवाहिन्या फारच कमी. त्यामुळे हातातल्या सलाइनमधून दिलेली केमोथेरपी तिथे नीट पोचत नाही. पूर्वी पोट उघडायचे, जेली काढायचे आणि शिवायचे. एक-दोन वर्षांनी पुन्हा तेच. दर वेळी आतडी जास्त चिकटलेली, दर वेळी ऑपरेशन जास्त अवघड.

आता जे करतात त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे सायटोरिडक्टिव्ह सर्जरी. डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गाठ काढायची. ओमेंटम, मोठ्या आतड्याचा उजवा भाग, पित्ताशय, गरज पडली तर प्लीहा, बायकांमध्ये गर्भाशय आणि अंडाशय, आणि जिथे जिथे अस्तरावर थर बसला आहे तिथलं अस्तर सोलून काढायचं. दहा-बारा तास चालणारं काम! किती पसरलं आहे ते मोजायची एक पद्धतही आहे. पोटाचे १३ भाग पाडतात, प्रत्येक भागाला ० ते ३ गुण देतात. कमाल बेरीज ३९. परीक्षेत जास्त मार्क हवेत, इथे कमी.

दुसरा भाग म्हणजे हायपेक. सगळं काढून झाल्यावर त्याच ऑपरेशनमध्ये मायटोमायसिन-सी सारखं केमोथेरपीचं औषध सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सियसपर्यंत गरम करून पोटात साधारण एक ते दीड तास फिरवतात. औषध वरवरच्या काही मिलिमीटरपर्यंतच शिरतं. म्हणूनच आधी साफसफाई काटेकोर लागते. डबा खरवडून घासल्याशिवाय नुसतं गरम पाणी ओतून तेलकटपणा जात नाही, हे आपल्या कोणत्याही स्वयंपाकघरात माहीत असतं.

गरम औषध पोटात फिरवण्याची ही पद्धत १९८० मध्ये अमेरिकेत डॉ. स्प्रॅट यांनी पहिल्यांदा नोंदवली आणि त्यांचा तो पेशंटही याच आजाराचा होता. पुढे डॉ. शुगरबेकर यांनी वॉशिंग्टनमध्ये ही शस्त्रक्रिया पद्धतशीर बसवली. इंग्लंडने या दुर्मिळ आजारासाठी बेसिंगस्टोक आणि मँचेस्टर इथे खास केंद्रं नेमली. यामागचा विचार साधा. जो आजार एखादा सर्जन आयुष्यात एक-दोनदाच बघणार, तो वर्षाला शेकड्यांनी बघणाऱ्याच्या हाती द्यावा.

निकाल काय? २०१२ मध्ये जगातल्या १६ केंद्रांमधल्या २,२९८ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनंतर १०० पैकी ६३ जण हयात होते. मात्र १०० पैकी २ जण उपचारांतूनच दगावले आणि साधारण चौथ्या हिश्शाला मोठी गुंतागुंत झाली. म्हणजे उपाय आहे, पण सोपा नाही. आणि वेगाने वाढणाऱ्या प्रकारांत निकाल इतके चांगले नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

भारतात आता ही शस्त्रक्रिया अनेक शहरांत होते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मोठं आतडं आणि पेरिटोनियमच्या कॅन्सरसाठी स्वतंत्र सर्जरी विभाग आहे. २०१६ मध्ये भारतातल्या सर्जननी एकत्र येऊन अशा रुग्णांची सामायिक नोंदवहीही सुरू केली. दुर्मिळ आजारात एकेका डॉक्टरचा अनुभव थोडा, म्हणून नोंदी एकत्र करणं फार मोलाचं.

दुर्मिळ म्हणजे किती? वेगवेगळ्या अभ्यासांनुसार वर्षाला दहा लाखांमागे एक ते चार. २०२० च्या जनगणनेत बहरीनची लोकसंख्या १५ लाख होती. त्या हिशेबाने इथे वर्षाला दोन ते सहा. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ मध्ये सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती, म्हणजे तिथे शंभर ते साडेचारशे. दुर्मिळ आहे, पण शून्य नाही.

न उचललेला कागद

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मुंबईला मामांना घेऊन गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अपेंडिक्सचा बायोप्सी रिपोर्ट कुठे आहे?" मामा-मामी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड होतं, बिल होतं, औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा होत्या. पण तो रिपोर्ट नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जमलं तर आणा, आणि स्लाइड्सही मिळाल्या तर फार बरं."

तोपर्यंत आम्ही दोघं नोकरीनिमित्त बहरीनमध्ये आलो होतो. मामांचं अधिकारपत्र आणि त्यांच्या जुन्या सीपीआर कार्डाची कॉपी घेऊन आम्ही त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे नंबर घातला, आत गेल्या आणि अर्ध्या तासाने एक कागद घेऊन आल्या. एकच पान. अपेंडिक्सची लांबी, रुंदी, फुटल्याची खूण, आणि खाली निदान: लो-ग्रेड म्युसिनस निओप्लाझम. त्याखाली एक ओळ, की रुग्णाचा पुढील पाठपुरावा करावा. तारीख मामा घरी आल्यानंतरची, नवव्या दिवसाची.

पार्किंगमध्ये गाडीत बसून आम्ही तो कागद दोनदा वाचला. मग बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

चूक कोणाची? खूप विचार केला. तपासणी झाली होती. निदान बरोबर होतं. कागदही तयार होता. फक्त तो कोणी नेला नव्हता. मामा टाके काढायला आले तेव्हा दुसरे डॉक्टर ड्यूटीवर होते, त्यांनी जखम बघितली आणि "सगळं छान" म्हटलं. हॉस्पिटलच्या नोंदीत फोन नंबर होता तो कंपनीच्या कॅम्पचा, आणि मामा तोपर्यंत तिथून गुदैबियाला राहायला गेले होते. आणि मामांनाही वाटलं, अपेंडिक्स काढलं, आता त्याचा रिपोर्ट कशाला?

आमच्या धंद्यात याला म्हणतात, अलर्ट निघाला पण कोणाच्या इनबॉक्समध्ये गेलाच नाही. फरक एवढाच, की इथे सर्व्हर नव्हता, माणूस होता.

तो कागद २००९ मध्ये वाचला गेला असता तर? मुंबईच्या सर्जननी आम्हाला सरळ उत्तर दिलं. दर वर्षी सीटी स्कॅन आणि रक्तातले मार्कर बघितले असते, तर हे बरंच आधी, बरंच कमी पसरलेलं असताना दिसलं असतं. ऑपरेशन कदाचित लहान झालं असतं. "कदाचित" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, म्हणून आम्हीही तो जपून वापरतो.

मामांचं ऑपरेशन अकरा तास चाललं. प्लीहा, पित्ताशय, ओमेंटम, आतड्याचा भाग, सगळं गेलं. तीन आठवडे हॉस्पिटल, मग दोन महिने मुंबईत. प्लीहा काढल्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून काही लसी कायम वेळेवर घ्याव्या लागतात. आज मामा सत्तरीला टेकलेत. पोटावर वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ आहे, तिला ते "माझी चेन" म्हणतात. दर वर्षी स्कॅनच्या आधीचा आठवडा घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. रिपोर्ट चांगला आला की मामी शिरा करतात, आणि मामांना त्यात साखर पूर्ण घातलेली लागते!

आपल्याला करता येण्यासारखं

बहरीनमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांची एक खास अडचण आहे. आपलं अर्धं आयुष्य इथे, अर्धं तिथे. ऑपरेशन मनामात होतं, टाके पुण्यात काढतात, रिपोर्ट इथल्या कपाटात राहतो आणि नोकरी बदलली की फोन नंबरही बदलतो. म्हणून:

१) शरीरातून काहीही काढलं, अपेंडिक्स, पित्ताशय, साधी चामखीळसुद्धा, तर डॉक्टरांना विचारा, "हे तपासणीला पाठवलं का? रिपोर्ट कधी मिळेल?" ती तारीख कॅलेंडरमध्ये लिहा आणि स्वतः जाऊन रिपोर्ट आणा.

२) रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांकडून तो वाचून घ्या. "नॉर्मल आहे ना?" एवढंच न विचारता "यात पुढे काही करायला सांगितलंय का?" असंही विचारा. म्युसिनस, निओप्लाझम, कार्सिनॉइड, न्यूरोएंडोक्राइन, गॉब्लेट यापैकी एखादा शब्द दिसला तर घाबरू नका, पण तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय फाइल बंद करू नका.

३) अपेंडिसायटिस हल्ली काही वेळा ऑपरेशन न करता अँटिबायोटिकने बरा करतात. पण वय चाळिशीपुढे असेल आणि अपेंडिक्सभोवती पू झाला असेल, तर नंतर काय तपासण्या करायच्या ते जरूर विचारा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या ६० रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात अशा पाचांपैकी एकाच्या अपेंडिक्समध्ये गाठ निघाली, आणि ती सगळी माणसं चाळिशीपुढची होती. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

४) जुनी फाइल फेकू नका. सगळे कागद स्कॅन करून घरातल्या दोन माणसांकडे ठेवा. मेणात बसवलेला मूळ नमुना आणि स्लाइड्स हॉस्पिटलं बरीच वर्षं जपतात. बहरीन कायमचं सोडण्याआधी रेकॉर्ड विभागात एक चक्कर मारा. विजेचं बिल, गाडी, बँक यांच्या क्लिअरन्सच्या यादीत ही एक ओळ वाढवा.

५) वजन उतरतंय पण पोट वाढतंय, किंवा उतारवयात नवा हर्निया झाला, तर चेष्टा न करता एकदा तपासून घ्या. बहुतेक वेळा काही निघणार नाही. निघालं नाही तर शिरा करा!

६) निदान झालंच, तर पहिलं मोठं ऑपरेशन कुठे करायचं हे घाईत ठरवू नका. इथे कॅन्सरच्या उपचारांसाठी मुहर्रकला किंग हमाद युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये बहरीन ऑन्कॉलॉजी सेंटर आहे. तिथे किंवा मुंबईला, "या आजाराची किती ऑपरेशनं तुम्ही केलीत?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगले सर्जन त्याचा राग मानत नाहीत.

शेवटी थोडं देणगीदारांसाठी

परळला मामांच्या शेजारच्या खाटेवर जळगावकडचे एक शेतकरी होते. त्यांचं ऑपरेशन मदतीतून झालं होतं. पण त्यांची बायको रात्री कुठे झोपते, काय खाते, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. टाटाच्या पेशंटना आणि नातेवाइकांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखे आधार आहेत, म्हणून कितीतरी लोक उपचार पूर्ण करू शकतात. पण खाटा मोजक्या आणि माणसं फार. अशा आजारात ऑपरेशन एका दिवसाचं असतं, मुक्काम महिन्यांचा, आणि तपासण्या वर्षानुवर्षांच्या. कितीतरी जण तिसऱ्या स्कॅनला येतच नाहीत, कारण गाडीभाडं नसतं. मग तोही एक न उचललेला कागदच होतो.

आपण या स्मरणिकेला जाहिरात दिलीत, कूपनं घेतलीत, दरवर्षी देता. त्याबद्दल मनापासून आभार. मदत कोणाला द्यायची ते समिती ठरवेलच. आमची विनंती एवढीच, की एखाद्या पेशंटचा अर्ज आला तर ऑपरेशनच्या बिलाबरोबर त्याच्या सोबतच्या माणसाच्या जेवणाचा, झोपण्याच्या जागेचा आणि पुढच्या वर्षीच्या स्कॅनचाही हिशेब धरावा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम कराच. कपाटातली ती जुनी फाइल काढा. घरात कोणाचं अपेंडिक्स काढलेलं असेल, तर त्याचा रिपोर्ट आहे का ते बघा. असेल तर वाचा. नसेल तर उद्या सकाळी फोन करा.